एकट्याने युरोप फिरायला निघताय? शेंगेन व्हिसाची फाईल कुठे अडकते ते आधी वाचा

व्हिसा नाकारला की पासपोर्टसोबत एक छापील फॉर्म हातात येतो. कारणं त्यावर आधीच छापलेली असतात, आपल्याला लागू असलेल्या कारणापुढे फक्त खूण केलेली असते. पाठीला सॅक लावून पहिल्यांदाच एकट्याने निघालेल्या मुलामुलींचे असे फॉर्म गेल्या काही वर्षांत मी बरेच पाहिले. खुणा जवळपास ठरलेल्या तीन जागी असतात. प्रवासाचा हेतू आणि मुक्कामाची व्यवस्था पटण्यासारखी मांडलेली नाही. खर्चाला पुरेसे पैसे असल्याचा पुरावा नाही. मुदत संपायच्या आत परत जाल याची खात्री वाटत नाही. तोवर रजा मंजूर झालेली असते, विमानाचं तिकीट काढलेलं असतं, आणि ९० युरोंची फी काही परत मिळत नाही. हे नकार बघून जीव तुटतो, कारण त्यातले बरेचसे टाळता आले असते. म्हणून नेहमीच्या पायऱ्या मी थोडक्यात उरकते आणि जिथे माणसं अडकतात तिथेच थांबते.

आधी मूळ गोष्ट. आपल्याला लागतो तो कमी मुदतीचा, सी प्रकारचा शेंगेन व्हिसा. एका व्हिसावर २९ देश फिरता येतात. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड हे युरोपीय संघात नसले तरी शेंगेनमध्ये आहेत. क्रोएशिया २०२३ मध्ये आला. बल्गेरिया आणि रोमानियाच्या जमिनीवरच्या सीमाही १ जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या. ब्रिटन आणि आयर्लंड मात्र त्यात नाहीत, त्यांचे व्हिसे वेगळे. अलीकडे ‘एटियास’ नावाच्या ऑनलाइन परवानगीबद्दल बरंच बोललं जातं. ज्यांना व्हिसा लागत नाही अशा देशांच्या नागरिकांसाठी ती आहे. भारतीय पासपोर्टवर तिचा उपयोग नाही, तेव्हा ती काढून देतो म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि दोन पानं कोरी हवीत.

अर्ज कोणत्या देशाकडे?

पहिली मोठी चूक इथेच होते. नियम सोपा आहे. ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर ज्या देशात पहिलं पाऊल टाकणार, त्याच्याकडे. पण एप्रिल-मे तोंडावर आले की हव्या त्या देशाची अपॉइंटमेंट मिळत नाही आणि मुलं मिळेल त्या देशाची तारीख पकडतात. माझ्या भाचीचं हेच झालं. १९ रात्रींचा बेत होता, त्यातल्या ७ इटलीत आणि बाकीच्या १२ तीन देशांत मिळून. ज्या देशाची अपॉइंटमेंट मिळाली तिथे तिच्या रात्री होत्या ३. फॉर्मवर मुख्य देश म्हणून त्याचं नाव, आणि मागे जोडलेली हॉस्टेलची बुकिंगं इटलीची. अधिकाऱ्याने दोन कागद शेजारी ठेवले आणि हेतूच्या चौकटीत खूण केली. त्यात त्याचं काय चुकलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

अपॉइंटमेंट मिळत नसेल तर सरळ मार्ग एकच आहे, बेतच बदला. ज्या देशाची तारीख मिळते तिथे खरोखरच जास्त दिवस राहा, बुकिंगं तशीच करा आणि प्रवासही तसाच करा. अपॉइंटमेंट मिळवून देतो म्हणून हजारो रुपये मागणारे दलाल मुंबईत आणि पुण्यात भरपूर आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

दोन वेगवेगळे ‘१५ दिवस’

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, हेही नियमातच आहे. लोक हे दोन १५ एकत्र करतात आणि प्रवासाला तीन आठवडे उरले की निवांत अर्ज करायला जातात. पण निर्णयाची मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते, आणि सुट्टीच्या मोसमात ती वाढली तर दाद मागण्यासारखं काही नसतं. मेमध्ये निघायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीतच फाईल तयार ठेवा आणि फेब्रुवारीत अर्ज द्या.

व्हिसा हातात आल्यावरही तारखांचा घोटाळा होतो. स्टिकरवर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं असतं आणि त्याच्या खाली मुक्कामाचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. समजा वर ३ मे ते ७ जून आहे आणि खाली २१ दिवस. याचा अर्थ ३६ दिवस राहता येतं असा नाही. त्या कालावधीत कधीही जा, पण राहायचं २१ दिवस. उरलेले दिवस प्रवास पुढे-मागे झाला तर सोय म्हणून असतात. आणि मोजायचे ते दिवस, रात्री नव्हेत. ३ तारखेला पहाटे उतरलात आणि २३ तारखेला निघालात तर रात्री होतात २०, दिवस २१. उतरल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. फॉर्ममध्ये रात्री मोजून २० लिहिलेत तर व्हिसाही २० दिवसांचाच हातात पडू शकतो. मग एक दिवस जास्त राहिल्याची नोंद तुमच्या नावावर लागते.

एकदा प्रवेशाचा व्हिसा आणि अनेकदा प्रवेशाचा व्हिसा यातही फरक आहे. एकदाचा असेल तर शेंगेनबाहेर पाऊल पडलं की तो संपला. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला गेलेली मुलं हॉस्टेलवरची जाहिरात बघून एका दिवसासाठी बॉस्नियातल्या मोस्तारला जायला निघतात. संध्याकाळी परतताना सीमेवर त्यांचा व्हिसा संपलेला असतो. मध्येच लंडन करून यायचं असेल तरी तेच. असा बेत असेल तर अर्जातच अनेकदा प्रवेश मागा, आणि बेतामध्ये तो देश दाखवा.

‘बघू, तिकडे गेल्यावर ठरवू’ हे फाईलमध्ये चालत नाही

बॅकपॅकिंगची मजाच न ठरवण्यात आहे, हे मान्य. पण अर्ज तपासणाऱ्याला तुम्ही रोज रात्री कुठे झोपणार हे कागदावर दिसावं लागतं. एका तक्त्यात तारीख, शहर, मुक्कामाचा पत्ता आणि त्या दिवशीचा प्रवास लिहा. एकही रात्र कोरी ठेवू नका. रात्रीच्या रेल्वेने किंवा बसने जाणार असाल तर त्या रकान्यात ‘रात्रीचा प्रवास’ असं लिहून तिकीट किंवा आरक्षण जोडा. नाहीतर ती रात्र हिशोबात कमी पडते. हॉस्टेलच्या डॉर्ममधला एक बेड चालतो, महागडं हॉटेल दाखवण्याची काहीही गरज नाही. बुकिंगवर तुमचं नाव पासपोर्टप्रमाणे असलं पाहिजे.

फुकट रद्द करता येणारी बुकिंगं घ्यायला हरकत नाही, पण निर्णय येईपर्यंत ती रद्द करू नका. दूतावास हॉटेलला विचारू शकतो. एजंट जी खोटी तिकिटं आणि बनावट बुकिंगं पाचशे-हजारात देतात, त्यांनी एकट्याने जाणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान केलंय. कागद खोटा निघाला तर पुढच्या प्रत्येक अर्जावर त्याची सावली पडते.

जर्मनीत शिकणाऱ्या मित्राच्या खोलीवर राहणार असाल तर नुसतं ‘मित्राकडे’ लिहून भागत नाही. त्याचं सहीचं निमंत्रणपत्र, पत्ता, त्याच्या पासपोर्टची आणि निवास परवान्याची प्रत लागते. फ्रान्समध्ये तर यजमानाला आपल्या गावच्या नगरपालिकेतून अधिकृत स्वागतपत्र काढावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. विद्यार्थी वसतिगृहात पाहुणा ठेवायला परवानगी आहे का, हेही मित्राला आधी विचारा.

पैसे किती, आणि कुणाचे

बँकेचं स्टेटमेंट तीन महिन्यांचं लागतं, काही देश सहा महिन्यांचं मागतात. प्रत्येक पानावर बँकेचा शिक्का आणि सही घ्या. मोबाईलवरून काढलेल्या प्रिंटवरून अर्ज घेणाऱ्या केंद्राच्या काउंटरवर वाद घालणारे खूप दिसतात, त्यापेक्षा शाखेत एक चक्कर मारलेली बरी. दिवसाला किती पैसे दाखवायचे हे प्रत्येक देश ठरवतो. उदाहरणार्थ, फ्रान्सला हॉटेलचं बुकिंग असेल तर दिवसाला ६५ युरो आणि नसेल तर १२० युरो लागतात. हॉस्टेल आणि सुपरमार्केटमधल्या ब्रेडवर तुम्ही याहून कमी पैशांत राहाल, हे तुम्हाला माहीत आहे. तपासणाऱ्याला ते माहीत नसतं.

शिल्लक मोठी असून उपयोग नाही, तिचा प्रवास दिसला पाहिजे. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक तीन लाख आले तर ते कुणाकडून तरी उसने आणलेत अशीच शंका येते. वडील खर्च करणार असतील तर पैसे तुमच्या खात्यात फिरवू नका. त्यांचं खर्चाचं हमीपत्र, त्यांचं स्टेटमेंट, तीन वर्षांचे आयकर विवरणपत्र आणि नातं सिद्ध करणारा कागद जोडा.

खरी पंचाईत शेतकरी घरातल्या मुलांची होते. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे वडिलांनी कधी विवरणपत्र भरलेलंच नसतं, आणि यादीत तर ते ठळक लिहिलेलं असतं. काउंटरवरचा कर्मचारी ‘हा कागद नाही’ एवढंच म्हणून फाईलवर तशी नोंद करतो. मुलगा गोंधळून जातो. अशा वेळी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, आठ-अ, ऊस असेल तर कारखान्याच्या बिलांच्या बँकेतल्या नोंदी, बाजार समितीतल्या विक्रीच्या पट्ट्या, हे सगळं इंग्रजी भाषांतरासह लावा. सोबतच्या पत्रात एक परिच्छेद लिहा की भारतात शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, म्हणून विवरणपत्र नाही. न सांगता कागद गाळला तर तो राहून गेला असं वाटतं. कारण लिहिलं तर निदान वाचलं जातं.

परत येण्याचा पुरावा

एकटा, अविवाहित, पंचवीस-सव्वीस वर्षांचा, आधी परदेशी न गेलेला. ही चार वाक्यं अर्जात एकत्र आली की परतीबद्दल शंका घेतली जाते. मला हे अन्यायाचं वाटतं, पण फाईल करताना ते गृहीत धरूनच चालावं लागतं. नोकरी असेल तर कंपनीचं पत्र हा तुमचा सगळ्यात भक्कम कागद, आणि नेमका तोच सगळ्यात कच्चा असतो. एचआरकडे साचा असतो, ‘यांच्या प्रवासाला आमची हरकत नाही’. एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. पत्रात तुमचं पद, कामावर कधीपासून आहात, पगार, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत रजा मंजूर आहे आणि कोणत्या दिवशी परत हजर होणार, हे सगळं हवं. लेटरहेडवर हवं. सही करणाऱ्याचं नाव आणि फोन हवा, आणि तो फोन उचलला गेला पाहिजे. रजेच्या तारखा तिकिटाशी जुळतात का ते स्वतः तपासा. विद्यार्थ्यांनी कॉलेजचं बोनाफाईड आणि सुट्टीच्या तारखांचं पत्र लावावं. स्वतःचा व्यवसाय असेल तर गुमास्ता किंवा उद्यम नोंदणी, जीएसटीचे कागद.

नोकरी सोडून मधल्या दोन महिन्यांत फिरून येऊ म्हणणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, नव्या नोकरीचं रुजू होण्याच्या तारखेसह पत्र हातात आल्याशिवाय अर्ज करू नका. राजीनामा दिलाय हे लपवून जुन्या पगारपत्रकांवर अर्ज करणं त्याहून वाईट.

नावाचाही घोळ होतो. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, बँकेत नुसतं नाव-आडनाव, लग्नानंतर आधार नव्या आडनावाने आणि पासपोर्ट जुन्याच. फॉर्म, तिकीट, विमा सगळं पासपोर्टप्रमाणे करा, बँकेत आधीच दुरुस्ती करून घ्या आणि गरज असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा.

विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत आणि सगळ्या दिवसांसाठी चालणारा हवा. आजारपण आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च त्यात असलाच पाहिजे. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, फिकट पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतला. बोटांचे ठसे केंद्रावर देता, ते ५९ महिने पुन्हा वापरता येतात.

नकार आलाच तर

खूण कुठे आहे ते शांतपणे वाचा. अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं हे त्याच फॉर्मवर लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे. चूक आपल्या कागदात असेल तर ती सुधारून नवा अर्ज करणं बहुतेकदा बरं पडतं. नकार लपवून दुसऱ्या देशाकडे जाऊ नका. सगळ्या शेंगेन देशांची व्हिसाची नोंदवही एकच आहे आणि नोंद पाच वर्षं राहते. भाचीने दुसऱ्या वेळी इटलीकडेच अर्ज केला. सोबतच्या पत्रात आधीचा नकार आणि त्याचं कारण चार ओळींत लिहिलं. व्हिसा मिळाला.

विमानतळावर उतरल्यावर सीमेवरचा अधिकारी हेच सगळं पुन्हा विचारू शकतो, तेव्हा परतीचं तिकीट, पहिल्या मुक्कामाचा पत्ता आणि विम्याची प्रत सॅकच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवा. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तुमचे दिवस आता संगणक मोजतो. वेळेत परत आलात की त्याची नोंदही तिथेच राहते. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम असा आहे की, गेल्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा, अनेकदा प्रवेशाचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. जुना पासपोर्ट संपला तरी ती स्टिकरं असलेली पानं जपून ठेवा, पुढच्या अर्जात त्यांची प्रत लागते.