टक्क्यांतला वाटा आणि रँडमधला वाटा

तुलनात्मक राज्यव्यवस्थेच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य दरवर्षी इतक्या वेळा समोर येते की आता त्याखाली लाल रेघ ओढण्याचाही कंटाळा आला आहे: "भारताप्रमाणेच दक्षिण आफ्रिकेतही वित्त आयोग प्रांतांचा वाटा ठरवतो आणि संसद त्याला मंजुरी देते." या वाक्याचा पूर्वार्ध व्यवहारात भारताला लागू पडतो, उत्तरार्ध दक्षिण आफ्रिकेला, आणि अख्खे वाक्य दोघांपैकी कोणालाच लागू पडत नाही.

भारताची बाजू वाचकांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. केंद्राने गोळा केलेल्या करांतून उपकर व अधिभार हे राज्यांशी न वाटले जाणारे जादा कर आणि वसुलीचा खर्च वजा जाता जो विभाज्य निधी उरतो, त्यातला ४१ टक्के भाग राज्यांचा, असे करांच्या वाटपाची शिफारस करणाऱ्या १५व्या वित्त आयोगाने सुचवले आणि त्या ४१ टक्क्यांत महाराष्ट्राच्या वाट्याला ६.३१७ टक्के आले. लोक चुकतात ते याच्या पुढच्या पायरीवर. घटनेच्या कलम २७०नुसार ही टक्केवारी राष्ट्रपतींच्या आदेशाने लागू होते. आयोगाचा अहवाल कलम २८१नुसार संसदेच्या पटलावर ठेवला जातो, पण पटलावर ठेवणे म्हणजे मंजूर करून घेणे नव्हे. राज्यांचा हा हिस्सा भारताच्या एकत्रित निधीचा, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीचा, भागच होत नाही, असे कलम २७०मध्येच स्पष्ट म्हटले आहे, आणि जे त्या निधीत गेलेच नाही ते बाहेर काढण्यासाठी संसदेला विचारण्याचा प्रश्न उद्भवत नाही. केंद्रीय अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत राज्यांच्या वाट्याचा आकडा छापलेला दिसतो, म्हणून संसदेने तो मंजूर केला असे विद्यार्थी समजतात. प्रत्यक्षात तो केंद्राच्या जमेतून वजा करून दाखवलेला असतो. "केंद्राने राज्याला इतके कोटी दिले" हा वृत्तपत्री मथळा मला खटकतो तो याचसाठी, कारण जे कधी केंद्राचे नव्हतेच ते केंद्र देणार कसे?

दक्षिण आफ्रिकेत रचना उलटी आहे. तिथे राष्ट्रीय पातळीवरचा महसूल आधी राष्ट्रीय महसूल निधीत जमा होतो. १९९६च्या घटनेचे कलम २१४ सांगते की हा महसूल राष्ट्रीय, प्रांतिक आणि स्थानिक अशा तीन स्तरांत कसा वाटायचा, नऊ प्रांतांपैकी प्रत्येकाच्या पदरात किती पडायचे आणि त्याखेरीज कोणती अनुदाने कोणत्या अटींवर द्यायची, हे संसदेच्या कायद्यानेच ठरले पाहिजे. म्हणून दरवर्षी अर्थसंकल्पाबरोबर महसूल विभागणी विधेयक मांडले जाते. त्याच्या पहिल्या अनुसूचीत तीन स्तरांची विभागणी, दुसऱ्या अनुसूचीत प्रत्येक प्रांताचा न्याय्य वाटा आणि तिसऱ्या अनुसूचीत नगरपालिकांचा वाटा असतो. पुढच्या अनुसूची सशर्त अनुदानांच्या असतात. दुसरी अनुसूची उघडून पाहावी, असे मी प्रत्येक वर्गात सांगतो. डावीकडे ईस्टर्न केपपासून वेस्टर्न केपपर्यंत नऊ नावे असतात आणि समोर चालू वर्षाची रक्कम, शेजारी पुढच्या दोन वर्षांचे अंदाज. टक्केवारीचे चिन्ह शोधू नये. तिथे असतात ते हजार रँडमध्ये (रँड हे तिथले चलन) लिहिलेले आकडे.

सगळा घोळ नेमका इथे आहे, आणि पाठ्यपुस्तके यावरून एका ओळीत पुढे सरकतात. भारतात वाटा टक्क्यांत ठरतो आणि दक्षिण आफ्रिकेत रकमेत, हा फरक केवळ लिहिण्याच्या पद्धतीचा नाही. कर कमी जमले तर खड्डा कोणाच्या दारात पडणार, याचा निर्णय त्यात आहे. टक्केवारी घेणारा भागीदार नफ्याबरोबर तोट्यातही भागीदार असतो. २०२०-२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राज्यांचा कर-वाटा सुमारे ७.८४ लाख कोटी रुपये धरला होता; टाळेबंदीने करवसुली आटली आणि राज्यांच्या हाती प्रत्यक्षात सुमारे ५.९५ लाख कोटी पडले. या कपातीसाठी कोणी कायदा केला नाही, कोणाला मतदान करावे लागले नाही, कारण ४१ टक्के हे ४१ टक्केच राहिले आणि आक्रसला तो निधी. दक्षिण आफ्रिकेच्या विभागणी कायद्यात मात्र अपेक्षेपेक्षा महसूल कमी आला तर ती तूट राष्ट्रीय सरकारने सोसावी असे लिहिलेले असते, आणि त्याचीच दुसरी बाजू म्हणून जास्तीचा महसूलही आपोआप प्रांतांकडे जात नाही. अनुसूचीतला आकडा वर्षाच्या मध्येच बदलायचा असेल तर दुरुस्ती विधेयक घेऊन पुन्हा संसदेपुढे उभे राहावे लागते. त्याच २०२० साली, २४ जूनला, त्यांच्या वित्तमंत्र्यांनी पूरक अर्थसंकल्प मांडला तेव्हा त्याच्यासोबत विभागणी कायद्याचे दुरुस्ती विधेयकही होते. एकाच महासाथीत एका देशात वाटा अंकगणिताने बदलला, दुसऱ्या देशात त्यासाठी विधेयक लागले.

संसदेकडे मूग गिळून बसण्यापलीकडे काही काम असावे, असे मानणाऱ्यांना दक्षिण आफ्रिकेची पद्धत भावते. मला स्वतःला राज्याच्या दृष्टीने पाच वर्षांची ठरलेली टक्केवारी अधिक सुरक्षित वाटते, कारण दरवर्षीच्या कायद्यातला आकडा दरवर्षी वादात ओढता येतो. अर्थात आपल्याकडे उपकर आणि अधिभार वाढवून विभाज्य निधीच लहान ठेवता येतो, तेव्हा ही सुरक्षितताही फार मिरवण्यासारखी नाही.

आता एक खास सापळा. दक्षिण आफ्रिकेतही प्रांतांचा हिस्सा गेली काही वर्षे ४१-४२ टक्क्यांच्या आसपास सांगितला जातो, आणि तो भारताच्या ४१ टक्क्यांशेजारी ठेवून "दोन्ही देशांत प्रमाण सारखेच" असा निष्कर्ष काढणारे लेख मी वाचले आहेत. तिथला तो आकडा कर्जावरचे व्याज आणि आकस्मिक राखीव रक्कम आधी बाजूला काढून उरलेल्या पैशाचा असतो, शिवाय त्यात सशर्त अनुदानेही मिळवलेली असतात. भारतात व्याज वजा होत नाही आणि अनुदाने या टक्क्यांबाहेर असतात. छेदही वेगळा आणि अंशही वेगळा, तर तुलना कसली करायची?

दुसरी खटकणारी गोष्ट भाषांतराची आहे. न्याय्य वाट्याला मराठीत सर्रास "समान वाटा" म्हटले जाते. प्रांतांमधल्या वाटपाच्या सूत्रात शिक्षणाला ४८ टक्के, आरोग्याला २७, लोकसंख्येवर आधारित मूळ वाट्याला १६, प्रशासकीय खर्चाला ५, दारिद्र्याला ३ आणि आर्थिक उलाढालीला १ टक्का भार आहे. यांतले फक्त प्रशासकीय खर्चाचे ५ टक्के नऊ प्रांतांत सारखे वाटले जातात. बाकी सगळे असमान आहे, आणि म्हणूनच न्याय्य.

आयोगांबद्दल फार लिहीत नाही. तिथला वित्त आणि राजकोषीय आयोग कायमस्वरूपी आहे, त्याचा सल्ला विचारात घेतल्याशिवाय विधेयक मंजूर करता येत नाही, पण तो सल्लाच असतो. आकडे राष्ट्रीय कोषागार (तिथले वित्त खाते) आणि मंत्रिमंडळ ठरवतात. प्रांतांना स्वतःचे उत्पन्न त्यांच्या एकूण महसुलाच्या जेमतेम ३ टक्के, तेही वाहन परवाने, जुगार आणि रुग्णालयांच्या शुल्कांतून. आयकर किंवा मूल्यवर्धित कर लावायला त्यांना घटनेनेच मनाई केली आहे. आपल्या राज्यांकडे वस्तू व सेवा कराचा स्वतःचा हिस्सा आणि मुद्रांक शुल्क असते, त्यामुळे अनुसूचीतल्या एकेका आकड्यावर तिथले प्रांत किती टांगलेले असतात, याची कल्पना आपल्याला सहज येत नाही.

त्या बदल्यात प्रांतांना विधेयकावर खरोखरचे मत मिळते. आपल्याकडे धन विधेयकावर, म्हणजे केवळ कर आणि सरकारी पैशाविषयीच्या विधेयकावर, राज्यसभेला चौदा दिवसांत केवळ शिफारशी करता येतात. तिथल्या घटनेने महसूल विभागणी विधेयकाला धन विधेयकांतून मुद्दाम वगळले आहे. ते प्रांतांच्या सभागृहात जाते, तिथे प्रत्येक प्रांताच्या शिष्टमंडळाला एक मत असते आणि नऊपैकी पाच मते लागतात. मतभेद झाला तर मध्यस्थी समिती, आणि तरीही तोडगा निघाला नाही तर खालच्या सभागृहाला दोन तृतीयांश बहुमत जमवावे लागते.

२०२५मध्ये या पद्धतीची कसोटी लागली. मूल्यवर्धित कर अर्ध्या टक्क्याने वाढवण्यावरून सत्ताधारी आघाडीतच बेबनाव झाला, १ एप्रिलला नवे आर्थिक वर्ष सुरू झाले तरी वाद मिटला नाही, आणि २४ एप्रिलला करवाढ सोडून देताना वित्तमंत्र्यांना महसूल विभागणी विधेयकही मागे घ्यावे लागले, कारण जमेची बाजू बदलली तर अनुसूचींचा हिशेब पुन्हा मांडणे भाग होते. २१ मे रोजी सुधारित अर्थसंकल्पाबरोबर ते पुन्हा आले. नवा कायदा वेळेत झाला नाही तर प्रांतांना ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे देत राहण्याची सोय आधीच्या वर्षाच्या कायद्यातच करून ठेवलेली असते.