डोळ्याने टिपलेले १२२ लघुग्रह

लघुग्रह शोधणाऱ्यांची यादी आज पाहिली, तर वरच्या जागा स्वयंचलित दुर्बिणींच्या प्रकल्पांनी अडवलेल्या दिसतात. काही प्रकल्पांच्या नावावर लाखाहून जास्त शोध आहेत. तिथे १२२ हा आकडा अगदीच किरकोळ वाटेल. पण एकोणिसाव्या शतकातले ऑस्ट्रियन खगोलशास्त्रज्ञ योहान पलिसा यांचे १२२ च्या १२२ लघुग्रह दुर्बिणीला डोळा लावून सापडलेले आहेत. ना फोटो, ना संगणक. या पद्धतीने त्यांच्यापुढे कुणी गेलेलं नाही, आणि आता जाण्याची शक्यताही नाही.

पलिसांचा जन्म ६ डिसेंबर १८४८ चा, ऑस्ट्रियन सिलेशियातल्या ट्रॉपाउ गावचा. हे गाव आज ओपावा नावाने चेक प्रजासत्ताकात आहे. व्हिएन्नात शिक्षण झालं आणि १८७२ मध्ये, पंचविशीही उलटलेली नसताना, पोला (आजचं क्रोएशियातलं पुला) बंदरातली ऑस्ट्रियन नौदलाची वेधशाळा त्यांच्या हाती आली. तिथे सहा इंची भिंगाची दुर्बीण होती. १८ मार्च १८७४ ला तिच्यातून पहिला लघुग्रह सापडला: क्रमांक १३६, ऑस्ट्रिया. पोलात असेपर्यंत ही संख्या २८ वर गेली.

दुर्बिणीतून पाहिलं तर लघुग्रह आणि तारा यांत काहीच फरक दिसत नाही. दोन्ही नुसते ठिपके. फरक एवढाच, की लघुग्रह जागचा हलतो. सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असताना मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह दिवसाला साधारण पाव अंश सरकतो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या निम्म्याइतका. तासाभरात ही हालचाल इतकी थोडी, की शेजारच्या ताऱ्यांपासूनचं अंतर मोजल्याशिवाय ती कळणंच अवघड. म्हणून शोध घेणारा क्रांतिवृत्ताजवळचा, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेजवळचा, आकाशाचा एखादा तुकडा निवडतो, ताऱ्यांचा नकाशा शेजारी ठेवतो आणि ठिपका ठिपका ताडून पाहतो. नकाशात नसलेला ठिपका दिसला, की संशय घ्यायचा. पण नकाशाच अपुरा असेल तर? त्या काळी मंद ताऱ्यांचे नकाशे अपुरेच होते, त्यामुळे बहुतेक संशयित शेवटी साधे तारे निघत. थोडक्यात, परका ओळखू यायचा तर आधी तिथले सगळे ओळखीचे हवेत. पलिसांचं खरं भांडवल मला हेच वाटतं. तीक्ष्ण नजर अनेकांकडे होती. आकाशाची पट्टीच्या पट्टी पाठ असणारे फार थोडे.

१८८० मध्ये त्यांनी पोलाचं संचालकपद सोडलं आणि व्हिएन्नाच्या नव्या वेधशाळेत खालच्या हुद्द्यावर रुजू झाले. कारण तिथली २७ इंची दुर्बीण. भिंगाच्या दुर्बिणींमध्ये त्या वेळी जगात तिच्याएवढी मोठी दुसरी नव्हती. उरलेले ९४ लघुग्रह व्हिएन्नातले.

पैशांची चणचण मात्र सुटली नाही. १८८६ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या मोहिमेसाठी पलिसांनी चक्क जाहिरात दिली, की २४४ क्रमांकाच्या लघुग्रहाला नाव देण्याचा हक्क ५० पौंडांना विकणे आहे. शेवटी सौदा झाला तो २५० क्रमांकाचा. व्हिएन्नातले बँकर बॅरन अल्बर्ट फॉन रोथशिल्ड यांनी त्याला पत्नीचं, बेटिना हे नाव दिलं. आणि २४४? त्याचं नाव सीता. होय, रामायणातलीच.

एव्हाना फोटोग्राफी दाराशी आली होती. डिसेंबर १८९१ मध्ये हायडलबर्गच्या माक्स वोल्फ यांनी पहिल्यांदा फोटोवरून लघुग्रह शोधला. दुर्बीण ताऱ्यांच्या चालीबरोबर फिरवत फोटोची काच तासन्‌तास उघडी ठेवायची. तारे बिंदू म्हणून उमटतात, लघुग्रहाची बारीक रेघ उठते. डोळ्याने शोधणाऱ्यांचे दिवस तिथेच भरले. पलिसांनी यावर रुसून बसण्याऐवजी वोल्फशी मैत्री केली. वोल्फना फोटोत सापडलेले अंधूक लघुग्रह ते मोठ्या दुर्बिणीतून पुढे पाहत राहत, आणि १९०८ पासून दोघांचे फोटोवर आधारलेले तारानकाशे प्रसिद्ध होऊ लागले. फोटो वोल्फचे, त्यांवरच्या अंशांच्या जाळीचं काम पलिसांचं.

त्यांच्या काही ठिपक्यांना पुढे चेहरे मिळाले. १८८४ मध्ये सापडलेल्या इडाजवळून ऑगस्ट १९९३ मध्ये गॅलिलिओ यान गेलं. सुमारे ६० किलोमीटर लांबीच्या त्या खडकाभोवती दीड किलोमीटरचा एक चंद्र दिसला, डॅक्टिल. लघुग्रहाला चंद्र असतो याचा तो पहिला पक्का पुरावा. १८८५ मधल्या माटिल्डाजवळून जून १९९७ मध्ये निअर यान गेलं, तेव्हा तिची घनता पाण्याच्या जेमतेम सव्वापट भरली. म्हणजे आत बऱ्याच पोकळ्या आहेत आणि ती एकसंध खडक नाही.

हातचा निसटला तो ७१९ क्रमांकाचा. ३ ऑक्टोबर १९११ ला सापडलेल्या या लघुग्रहाला अल्बर्ट हे नाव मिळालं, त्याच वर्षी वारलेल्या रोथशिल्ड यांच्या स्मरणार्थ. तो पट्ट्यातल्या बाकीच्यांसारखा नव्हता. त्याची कक्षा लांबुळकी आणि पृथ्वीच्या बरीच जवळ येणारी. पृथ्वीजवळून जाताना तो थोडे दिवस दिसला आणि मग दिसेनासा झाला. एवढ्या तुटपुंज्या वेधांवरून काढलेल्या कक्षेतली बारीकशी चूक दर फेरीला वाढत जाते, आणि काही वर्षांत लघुग्रह नेमका कुठल्या बाजूला शोधायचा हेच कळेनासं होतं. सापडणं आणि हाती राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रमांक मिळूनही हरवलेल्या लघुग्रहांची एक यादीच तयार झाली होती. एकेक करत बाकीचे सापडले, अल्बर्ट शेवटपर्यंत उरला.

पलिसांनी १९२३ पर्यंत शोध चालू ठेवले आणि २ मे १९२५ ला ते वारले. २००० साली अमेरिकेतल्या स्पेसवॉच या लघुग्रह शोधणाऱ्या प्रकल्पाला एक नवा वाटणारा लघुग्रह दिसला. त्याची कक्षा मागे मोजत नेल्यावर ती १९११ च्या वेधांशी जुळली. सूर्याभोवती सव्वाचार वर्षांची एक फेरी या हिशेबाने अल्बर्टच्या मधल्या काळात वीस फेऱ्या होऊन गेल्या होत्या.