सातबाऱ्याच्या मागचा इतिहास : खान्देशात गोदामाची जागा

जळगावहून भुसावळकडे किंवा धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की रस्त्याच्या कडेला पाट्या लागतात. ‘रोड टच’, ‘एन.ए. (बिनशेती) होईल’, ‘गोडाऊनसाठी उत्तम’. जागा बघायला आलेला माणूस दर विचारतो, फ्रंट किती फूट ते विचारतो, हायवेपासूनचे अंतर मोजतो. त्या वावराचा जुना फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची महसुली नोंद, सहसा कोणी मागत नाही. घरच्यांचे आणि ओळखीच्या व्यापाऱ्यांचे असे कागद वाचून माझे मत पक्के झाले आहे : इथली गोदामाची जागा आधी वाटेने ठरते, मग कराने, आणि ती विकत घेता येईल की नाही हे ठरवतो काही दशकांपूर्वीचा एखादा कायदा.

‘गोदाम’ हा शब्द रुळण्याआधी आपल्याकडे वखार होती, आणि खान्देशाची वखारीशी ओळख फार जुनी. सुरत बंदराचा माल नवापूर, नंदुरबार करत तापीच्या खोऱ्याने बऱ्हाणपूरला जाई आणि तिथून पुढे आग्र्याकडे. या टापूतल्या धरणगावात इंग्रजांनी १६७४ साली वखार घातली. कापड घ्यायचे, साठवायचे, सुरतेला रवाना करायचे. पुढच्याच वर्षी मराठ्यांच्या फौजेने धरणगाव लुटले, १६७९ मध्ये पुन्हा. माल एका ठिकाणी साठला की तो सगळ्यांच्या नजरेत येतो. आज गोदामाच्या विम्याचा हप्ता भरताना आपण त्याच जोखमीची किंमत मोजतो.

१८१८ नंतर खान्देश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला ठाणे केले. कचेरी धुळ्यात, पण रेल्वे आली ती दुसरीकडून. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मुंबईहून येणारी वाट चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी गेली. भुसावळहून एक फाटा १८६७ पर्यंत नागपूरला पोचला, तर दुसरा खांडव्यावरून जबलपूरला जाऊन १८७० मध्ये कलकत्त्याच्या मार्गाला मिळाला. दरम्यान १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिथला कापूस बंद झाल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांनी इकडच्या कापसावर उडी घेतली. भाव कडाडले आणि काळ्या जमिनीच्या या मुलखात कपाशीचा पेरा वाढला.

सुटा कापूस जागा फार खातो. तो लांब न्यायचा तर आधी सरकी काढून गासडी दाबावी लागते. म्हणून जिन-प्रेस आले ते स्टेशनाला धरून, आणि जिनच्या आवारातच कापसाची गोदामे उभी राहिली. जळगाव, पाचोरा, अमळनेर, चाळीसगाव या गावांची जुनी व्यापारी वस्ती बघा, रुळांकडे तोंड करून बसलेली आढळेल. धुळ्याला चाळीसगावचा फाटा मिळाला तो १९०० च्या सुमारास, आणि त्याच सुमारास तापी खोऱ्याची रेल्वे सुरतेकडून अमळनेरला आली. १९०६ साली जिल्हा पूर्व आणि पश्चिम खान्देश असा विभागला गेला, तेव्हा पूर्वेचे मुख्य ठिकाण जळगाव झाले. पन्नास वर्षांपूर्वी जे पेठेचे गाव होते ते जिल्ह्याचे गाव झाले, आणि त्यात रुळांचा वाटा मोठा होता असे मी मानतो.

स्वातंत्र्यानंतर गोदाम सरकारचाही विषय झाला. शेतकरी सुगीला मिळेल त्या भावात माल का विकतो, याचे उत्तर गोरवाला समितीच्या ग्रामीण पतपाहणीत होते : त्याच्याकडे ठेवायला जागा नाही आणि ठेवलेल्या मालावर कोणी पैसे देत नाही. त्यातून १९५६ चा कायदा आला, १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळ झाले आणि त्याच वर्षी राज्याचेही वखार महामंडळ झाले. ‘वखार’ हा शब्द सरकारने तेव्हा पुन्हा उचलला, हे मला आवडते. पुढे पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आली आणि २००७ च्या कायद्याने नोंदणीकृत गोदामाच्या पावतीला कायद्याचा आधार दिला.

याच १९५७ सालात दुसरी एक गोष्ट घडली, आणि गोदामासाठी जमीन घेणाऱ्याचा तिच्याशी आजही थेट संबंध येतो. १९४८ च्या कुळकायद्यातल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि कसणारे कूळ त्या दिवशी जमिनीचे मालक मानले गेले. कुळाला मालकी मिळाली, पण कलम ४३ चे बंधन लावून : परवानगीशिवाय विक्री नाही. त्याच कायद्याच्या कलम ६३ ने शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकण्यावर बंदी घातली. जमीन कसणाऱ्याकडेच राहावी, सावकाराच्या किंवा व्यापाऱ्याच्या हाती जाऊ नये, हा त्यामागचा हेतू, आणि तो रास्त होता.

माझ्या नात्यातल्या एका व्यापाऱ्याने पारोळा रस्त्याला धान्याच्या गोदामासाठी तीन एकर पाहिले. इसार दिला, पावती झाली. मग सातबारा हातात घेऊन बसलो तर ‘इतर हक्क’ या रकान्यात बारीक अक्षरांत एक ओळ : ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’. विकणाऱ्या काकांना ती ओळ माहीतच नव्हती. त्यांच्या आजोबांना १९६० च्या दशकात कलम ३२-म चे, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचे, प्रमाणपत्र मिळाले होते, ते पत्र्याच्या पेटीत तेलकट होऊन पडले होते. २०१४ च्या दुरुस्तीने अशा जमिनींची वाट बरीच मोकळी केली आहे. प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर आकारणीच्या (जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या) ४० पट नजराणा भरून विक्री करता येते, आणि ही रक्कम किरकोळच असते. पण घेणारा शेतकरीच हवा. आमचा माणूस शेतकरी होता, म्हणून निभावले. खरेदी कंपनीच्या नावावर करायची असती तर ते काम तिथेच अडले असते.

सातपुड्याच्या पायथ्याची गोष्ट याहून वेगळी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला शासनाच्या मंजुरीशिवाय जात नाही. नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग, साक्री-शिरपूरची गावे, चोपडा, यावल, रावेरचा वरचा पट्टा इथे हे कायम डोक्यात ठेवावे लागते. ‘स्वस्तात मिळतेय, नोटरी करून घेऊ’ असा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नये. व्यवहार बेकायदा ठरतो हे तर झालेच. पण हा कायदा ज्यांच्या जमिनी कवडीमोलाने गेल्या त्यांच्यासाठी झाला आहे, आणि त्याला बगल देणे म्हणजे त्याच माणसांना पुन्हा लुबाडणे.

मग बिनशेती, म्हणजे शेतजमीन दुसऱ्या वापरासाठी बदलून घेणे. १९६६ च्या संहितेत शेतीचा वापर बदलायला कलेक्टरची परवानगी लागे. उद्योगांसाठी पुढे कलम ४४-अ आणि कुळकायद्यातले कलम ६३-१अ आले आणि औद्योगिक वापराची वाट सुकर झाली. पण ४४-अ मधली व्याख्या नीट वाचावी. त्यात गोदाम आहे, ते संबंधित उद्योगाला जोडलेले, कँटीन आणि ऑफिसच्या रांगेत बसवलेले. कारखाना नाही आणि नुसतेच गोदाम, असा धंदा तेव्हा कायदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर फारसा नसावा. साठवणूक आणि वाहतूक हाच उद्योग आहे ही भूमिका राज्याने पुढे लॉजिस्टिक्स पार्कच्या २०१८ च्या धोरणात आणि २०२४ च्या लॉजिस्टिक्स धोरणात घेतली. केंद्राने २०१७ मध्ये लॉजिस्टिक्सला पायाभूत सुविधेचा दर्जा दिला, तेव्हा गोदामासाठी किमान २५ कोटींची गुंतवणूक आणि १ लाख चौरस फूट ही अट होती. खान्देशातला साधा व्यापारी त्या मापात बसत नाही. शीतसाखळीसाठी मर्यादा १५ कोटी आणि २० हजार चौरस फूट आहे. रावेर-सावद्याकडच्या केळीवाल्यांना ती जवळची. केळी हे साठवायचे पीक नव्हेच, ते हलवायचे पीक. तिथे गोदाम म्हणजे पॅकहाऊस आणि केळी पिकवायचे रायपनिंग चेंबर.

आता कराकडे येतो. जकात होती तोवर माल शहराच्या हद्दीत आणला की पैसे, त्यामुळे नाक्याच्या अलीकडे माल उतरवून लागेल तसा आत नेणे हा साधा हिशेब होता. जकातीच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) १ ऑगस्ट २०१५ ला बहुतेक व्यापाऱ्यांपुरता संपला. त्याहून मोठी भिंत राज्याच्या सीमेवर होती. आंतरराज्य विक्रीवर केंद्रीय विक्रीकर लागे आणि त्याची वजावट मिळत नसे. म्हणून कंपन्या प्रत्येक राज्यात डेपो ठेवत आणि विक्री न दाखवता माल एका डेपोतून दुसऱ्यात पाठवत. शिरपूरहून मध्य प्रदेशातले सेंधवा किंवा रावेरहून तिकडचेच बऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर, तरी तिकडचा माल इंदूरच्या डेपोतून यायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि डेपो कुठे ठेवायचा हे ठरवताना ती सीमा महत्त्वाची राहिली नाही. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडचा असे तीन मोठे रस्ते जिथे भेटतात ते धुळे नकाशावर एकदम वेगळे दिसू लागले.

याची दुसरी बाजूही आहे. राज्याराज्यांतले छोटे डेपो बंद करून एकच मोठे गोदाम ठेवायचे म्हटले तर कंपनी आधी मुंबईजवळच्या भिवंडीचा विचार करते. जीएसटीमुळे खान्देशाला आपोआप लॉटरी लागली असे सांगणाऱ्या दलालावर विश्वास ठेवू नये.

फुलफिलमेंट सेंटरची, म्हणजे ऑनलाइन ऑर्डरचा माल जिथून पॅक होऊन निघतो त्या गोदामाची, कहाणी परकीय गुंतवणुकीच्या नियमांतून येते. २०१६ च्या केंद्राच्या नियमानुसार परदेशी भांडवल असलेल्या ऑनलाइन कंपनीला स्वतःचा माल विकता येत नाही, ती फक्त बाजारपेठ पुरवू शकते. मात्र विकणाऱ्यांना गोदाम, पॅकिंग आणि पोचवण्याची सेवा देण्याची मुभा आहे. म्हणून माल शंभर दुकानदारांचा आणि शेड एकाची, अशी रचना झाली. तिथे माल ठेवणाऱ्या प्रत्येकाला ती जागा जीएसटीत ‘अतिरिक्त व्यवसायस्थळ’ म्हणून दाखवावी लागते. त्यामुळे जागेची कागदपत्रे फक्त मालकाला नव्हे, त्या शंभर जणांना लागतात. पत्ता गट नंबरात अडकलेला असेल, बिनशेती आदेशात एक क्षेत्रफळ आणि मोजणीत दुसरे असेल, तर भाडेकरू येत नाही.

आणि शेड बांधायची असते कपाशीच्या मातीवर. ही काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. धान्याच्या पोत्यांच्या गोदामात फरशीला चीर गेली तर हमाल ती चुकवून थप्पी लावतात. उंच रॅक आणि फोर्कलिफ्टच्या गोदामात तसे चालत नाही; फरशी थोडी जरी कलली तरी वरच्या रॅकवर तो कल कितीतरी वाढलेला दिसतो. म्हणून काळी माती काढून मुरूम भरायचा आणि थर देऊन दाबायचा. एकराच्या दरात हा खर्च कोणी सांगत नाही. जागा बघायला मे महिन्यात जावे. भेगा दिसतात, आणि ४५ अंशांच्या उन्हात पत्र्याखाली काय होते तेही कळते.

हायवेच्या जागेला आणखी एक मोजमाप आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा (तिच्या आत बांधकाम नाही) आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा (तिथवरच्या बांधकामावर नियंत्रण) धरतात, आणि गेट थेट हायवेवर काढायचे तर वेगळी परवानगी लागते. ‘रोड टच’ एकरातला पुढचा पट्टा त्यात जातो. सुरत-नागपूर रस्त्याच्या चौपदरीकरणात फागणे ते तरसोद हा टप्पा वर्षानुवर्षे रखडला, तेव्हा त्या बाजूला जागा घेऊन ठेवलेल्यांनी ही वाट बघणे सोसले आहे.

आता पुन्हा रुळांची चर्चा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली, अंदाजे खर्च १८,०३६ कोटी रुपये. हा मार्ग धुळ्यावरून जातो, आणि दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरच्या आराखड्यातले नरडाणाही याच बाजूला आहे. तिकडे जागा घ्यायला निघालेल्या ओळखीच्यांना मी एवढेच सांगतो, की भूसंपादनाच्या अधिसूचनेतले गट नंबर आधी काढून आणा, आणि त्याच दिवशी तलाठ्याकडून १९५७ पासूनचे सगळे फेरफार मागा.