तिसरा गिअर, रिव्हर्स आणि कडक झालेलं एक रबर

वाईतून पसरणी घाट चढायला लागलं की साधारण १२ किलोमीटरवर पाचगणी येतं, आणि तेवढ्या अंतरात गाडी ५०० मीटरहून जास्त वर गेलेली असते. गेल्या मे महिन्यात त्याच घाटात, जरा सरळ पट्टा लागला म्हणून आमच्या गाडीने दुसऱ्यातून तिसरा गिअर घेतला आणि इंजिन एकदम रेज झालं. फेऱ्यांचा काटा ३५००च्या वर, आवाज टिपेला, आणि गाडी मात्र ओढेना. पाय उचलला, गाडी दुसऱ्यावर आली, तेव्हा पुन्हा चालू लागली. अर्धा तास सावलीत थांबलो, तर जणू काही झालंच नव्हतं.

गाडी २००८ची, चार गिअरची ऑटोमॅटिक. आप्पांचा डावा गुडघा क्लच दाबू देईना म्हणून घेतलेली. १,३०,००० किलोमीटर झालेत. मोठ्या शहरातल्या एका वर्कशॉपने फेरी मारून पाच मिनिटांत निकाल दिला, "गिअरबॉक्स गेला, पूर्ण बदलावा लागेल." सांगितलेला खर्च गाडीच्या आजच्या किमतीएवढा होता. साताऱ्याला परत आलो आणि गोडोलीतल्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. ते म्हणाले, "आप्पा, गेला म्हंजे नक्की काय गेलं, ते तरी आधी बघू की." पुढचे आठ दिवस मी रोज तिथे जाऊन बसत होते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडला की आपल्या डोळ्यांसमोर तुटलेले दाते येतात. प्रत्यक्षात दाते क्वचितच तुटतात. या यंत्राचा खरा कारभार चालतो तेलाच्या दाबावर, आणि बिघाडही बहुतेक वेळा तिथेच असतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये या गाडीत पायाने दाबायचा क्लच नाही, टॉर्क कन्व्हर्टर आहे. ताकाच्या मोठ्या डेऱ्यात दोन रव्या सोडल्या आहेत असं समजा. एक जोरात घुसळली की ताक फिरतं आणि त्या ताकाबरोबर दुसरी रवीही फिरू लागते. दोघींचा एकमेकींना स्पर्श नाही, तरी जोर पोचतो. म्हणूनच सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी राहते आणि इंजिन बंद पडत नाही. हर्मन फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. वेगाने फिरणारं वाफेचं टर्बाइन आणि सावकाश फिरायला हवा असलेला पंखा यांची सांगड त्याला घालायची होती. त्याने दोन चक्रांच्या मधे पात्यांचं तिसरं चक्र बसवलं. परतणाऱ्या तेलाची दिशा ते अशी वळवतं की तेल पहिल्या चक्राला अडवण्याऐवजी मागून ढकलतं. त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनाचा जोर दुपटीच्या जवळपास जातो. मोटारीत मात्र पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या संख्येने आला तो १९३९ मध्ये, अमेरिकेत, ओल्ड्समोबिलच्या हायड्रा-मॅटिकच्या रूपाने.

आत गिअरचे दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. मधे सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रं आणि बाहेर कडं. यातलं कोणाला धरायचं आणि कोणाला सोडायचं, यावर गिअर ठरतो. धरण्याचं काम करतात क्लचच्या चकत्या. भाकरीच्या चवडीसारख्या त्या एकावर एक रचलेल्या असतात, एक पोलादाची, एक कागदासारखं अस्तर चिकटवलेली. मागून तेलाच्या दाबाने पिस्टन सरकतो, चवड दाबली जाते आणि सगळ्या चकत्या एकजीव होऊन फिरतात. दाब कमी पडला की चकत्या एकमेकींवर घसरतात, अस्तर जळतं, आणि पसरणीच्या घाटात गाडी ओढेनाशी होते.

आज "ऑटोमॅटिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच गाड्यांना हे लागू नाही. २०१४ साली मारुती सेलेरिओबरोबर भारतात आलेल्या एएमटीमध्ये साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच आणि गिअर आपल्याऐवजी यंत्र चालवतं. सीव्हीटी या आणखी एका प्रकारात गिअरच्या दात्यांऐवजी पट्टा असतो. त्यांचे आजार निराळे.

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी फक्त तेल पाहिलं. इंजिन गरम आणि चालू, गाडी सपाट जागी, लिव्हर सगळ्या खुणांवरून एकदा फिरवून परत पी वर, म्हणजे पार्किंगवर, आणि मग तेलाची पातळी दाखवणारी पट्टी बाहेर. थंड गाडीत किंवा इंजिन बंद करून पाहिलं तर पातळी चुकीची दिसते. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर फिरते भाग ते घुसळून फेस करतात. दोन्हीचा परिणाम एकच, कारण हवा दाबली जाते आणि तेल दाबलं जात नाही. पट्टीवरचा थेंब त्यांनी पांढऱ्या कागदावर टेकवला. नवं तेल लालभडक असतं, गळती ओळखता यावी म्हणून त्यात मुद्दाम रंग घालतात. आमचं विटकरी-काळं होतं आणि वास करपलेल्या दुधासारखा. मिस्त्री म्हणाले, "ताई, हे गुलाबी, दुधाळ निघालं असतं तर मी जास्त घाबरलो असतो." महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसणारं तेल म्हणजे रेडिएटरच्या आतली तेल थंड करणारी नळी फुटून पाणी मिसळलेलं असतं. पाण्याने चकत्यांचं अस्तर फुगतं आणि त्याचा डिंक सुटतो.

मग गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. पी ०७३० हा कोड आला. गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या दांड्यांचा वेग दोन सेन्सर मोजतात. या गाडीत तिसऱ्या गिअरला दोन्ही सारखे हवेत, म्हणजे आत २००० फेऱ्या तर बाहेरही २०००. प्रत्यक्षात बाहेर १६००च पोचत होत्या. पाचातला एक भाग वाटेतच चकत्या घासण्यात जात होता. कोड एवढंच सांगतो की प्रमाण जुळत नाही. का जुळत नाही, ते माणसालाच शोधावं लागतं. कोड वाचून थेट सुटे भाग बदलत सुटणं मला गॅरेजच्या धंद्यातली सगळ्यात महागडी सवय वाटते.

सोलेनॉइड, म्हणजे तेलाची दारं उघडणारी विजेवरची बोंडं, त्यांनी मीटरने तपासली. प्रत्येकाचा रोध १३ ओहमच्या आसपास, गरम असतानाही ठीक. वीज निर्दोष सुटली.

यानंतर आप्पा सहज बोलून गेले, "संध्याकाळी गाडी मागे घेताना ती जरा दम खाते." गेले दोन महिने लांबून आल्यावर रिव्हर्स टाकला की दोन-तीन सेकंदांनी गाडी हलायची. आम्हाला ते म्हातारपण वाटत होतं. मिस्त्रींनी लगेच भिंतीवरचा तक्ता पुढे ओढला. कोणत्या गिअरला कोणता क्लच धरतो, त्याचा तो तक्ता. या जातीच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या-दुसऱ्याचा क्लच वेगळा. तिसऱ्याला जो क्लच लागतो, तोच चौथ्याला आणि तोच रिव्हर्सला. दोन तक्रारी होत्या, आरोपी एकच निघाला. मला हा सगळ्या कामातला सर्वांत देखणा क्षण वाटतो, कारण अजून एक बोल्टसुद्धा सैल केलेला नव्हता.

खात्री स्टॉल टेस्टने झाली. चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला, पायाचा ब्रेक गच्च, आणि पूर्ण रेस, फार तर पाच सेकंद. गाडी हलत नाही, इंजिन मात्र एका ठरावीक आकड्यावर अडतं. डी मध्ये, म्हणजे पुढे जाण्याच्या खुणेवर, ते २२००ला अडलं, जिथे अडायला हवं तिथेच. रिव्हर्समध्ये २९००ला गेलं, म्हणजे आतली पकड सुटत होती. ही परीक्षा घरी करू नका. जास्त वेळ धरली तर तेल उकळून निघतं, आणि ब्रेक सुटला तर समोरचा माणूस वाचत नाही. शेवटी दाबाचं गेज जोडलं. तेल गरम झाल्यावरही पंपाचा मुख्य दाब जागेवर होता, पण त्या एका क्लचला निम्माही पोचत नव्हता.

गाडी थंड असताना शहाणी आणि गरम झाली की हट्टी का होते, याचं उत्तर तेलाच्या दाटपणात आहे. हे तेल ४० अंशांना जितकं दाट असतं, त्याच्या जवळपास पाचपट पातळ ते १०० अंशांना होतं. ज्या फटीतून दाट तेल जाऊ शकत नाही, तिथून पातळ तेल सहज निसटतं. घाटात ते किती वेगाने तापतं, याचा मी हिशेब मांडला. चौघांना घेऊन चढताना इंजिन साधारण १० किलोवॉट देतं आणि कन्व्हर्टरमध्ये त्यातले २० टक्के गेले, तर २ किलोवॉट होतात, न्हाणीघरातल्या गीझरएवढे. आत तेल सहा लिटर. थंड करणारी नळी नसेल, तर ते मिनिटाला १२ अंशांनी तापेल. आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं.

खोलल्यावर मी तेलाची परात पाहिली. तळातल्या लोहचुंबकावर राखाडी काजळ होतं, बोटांत चोळलं तर मऊ. तेवढी झीज चालते. टोचणारे कण असते तर दात्यांकडे किंवा बेअरिंगकडे पाहावं लागलं असतं. मिस्त्रींनी त्या क्लचच्या भोकात कॉम्प्रेसरची हवा सोडली. चांगला क्लच "ठप्" म्हणून बसतो. हा "फुस्स" करत राहिला. पिस्टनच्या कडेचं रबरी सील बाहेर काढलं, तेव्हा ते बांगडीसारखं कडक झालं होतं. वाकवलं आणि मोडलं. चकत्यांची अस्तरं काळीठिक्कर, नखाने खरवडली की भुकटी पडत होती.

दुरुस्तीचं वर्णन लांबवत नाही. सगळी सील्स, त्या चवडीच्या नव्या चकत्या रात्रभर तेलात भिजवून, नवा फिल्टर, आणि कूलरची नळी उलट्या बाजूने धुऊन घेतली. ही धुलाई राहिली तर जुनी भुकटी नव्या क्लचमध्ये येते. खर्च बदलीच्या आकड्याच्या चौथ्या हिश्श्याहून कमी.

मिस्त्रींनी आप्पांना एक गोष्ट बजावून सांगितली. पेट्रोल वाचवायला खंबाटकीच्या किंवा पसरणीच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची नाही, आणि बंद पडली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही. तेलाचा पंप इंजिन फिरवतं. इंजिन थांबलं, की चाकांबरोबर आतले भाग कोरडे फिरतात.

१००० किलोमीटरनंतर तेल पुन्हा सोडलं. एका वेळी निम्म्याहून कमीच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडून राहतं, म्हणून ते दोनदा करावं लागलं. दुसऱ्या खेपेला मिस्त्रींनी थेंब कागदावर टेकवला. तो पसरला, कडेपर्यंत लाल. आप्पांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि गाडी अंगणातून मागे घेतली. रिव्हर्स टाकल्याबरोबर ती हलली.