हाउसिंग फर्स्ट

गंभीर मानसिक आजार असलेल्या बेघर माणसाला, आधी बरा हो मग बघू असं न म्हणता, सरळ कायमचं भाड्याचं घर द्यायचं आणि उपचार त्या घरी न्यायचे, ही पद्धत.

सुरुवात कुणाची यावर एकमत नाही. काहीजण लॉस एंजेलिसमधलं टान्या टल यांचं बियॉन्ड शेल्टर (1988) पुढे करतात, पण तिथं भर बेघर कुटुंबांवर होता. टोरंटोचं हाउसलिंक तर त्याच्याही आधीचं, बहुधा सत्तरच्या दशकातलं. स्किझोफ्रेनियासारख्या आजारातल्या एकट्या माणसांपुरतं बघायचं तर सॅम त्सेम्बेरिस यांचं न्यूयॉर्कमधलं पाथवेज टू हाउसिंग (1992) मूळ धरणं जास्त पटतं, कारण करार भाडेकरूच्या नावावर, भाडं उत्पन्नाच्या 30 टक्के, दारू सोडायची अट नाही आणि डॉक्टर-नर्सची टीम घरी येणार, हे सगळं एकत्र तिथंच दिसतं. पुढे कॅनडात पाच शहरांत 2,000 च्या वर लोकांवर चाचणी झाली. शेवटच्या सहा महिन्यांत सलग घरात टिकलेले या पद्धतीतले 62 टक्के, नेहमीच्या सेवांवरचे 31.

भारतात चेन्नईच्या द बॅनियन या संस्थेचं होम अगेन (2015) जवळचं. वर्षानुवर्षं संस्थेत काढलेल्या चार-पाच बायका वस्तीतल्या भाड्याच्या घरात राहतात, बाजारहाट नि स्वयंपाक स्वतः करतात, सोबतीला एक मदतनीस. आपल्याकडे हेच जास्त जमण्यासारखं आहे.

बेळगाव सीमाभागातून मिरज-लोंढा रेल्वे आणि पुणे-बंगळूर हायवे जातात, म्हणून कुठला कुठला माणूस भटकत बेळगाव स्टेशनवर नाहीतर निपाणी स्टँडवर येऊन पोचतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 100 प्रमाणे पोलिसांनी त्याला 24 तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं. मानसिक आजारांवरची मोठी संस्था म्हणजे धारवाडची डिमहान्स. खरी अडचण त्यानंतरची. चंदगड महाराष्ट्रात, खानापूर कर्नाटकात, बोली जवळजवळ एकच, मग नुसत्या बोलण्यावरून गाव कुठलं ते कळत नाही आणि रेशनकार्ड, पेन्शन दोन्ही राज्यावर अडतं. घरचे नेत नाहीत किंवा घरच नाही एवढ्यासाठी कुणाला संस्थेत ठेवून घेता येत नाही, हे त्याच कायद्याचं कलम 19 स्पष्ट सांगतं. हाफवे होम (दवाखाना आणि घर यांच्या मधला टप्पा), ग्रुप होम (काहीजणांनी मिळून राहायचं घर) यांची जबाबदारी सरकारवर आहे आणि ती निभावलीच पाहिजे. बेळगावच्या शहापूर-वडगावात खोली बघायला गेलं की घरमालक डिपॉझिट, आधार आणि ओळखीचा माणूस मागणारच, तेव्हा पहिला करार मदत करणाऱ्या संस्थेनं आपल्या नावावर करावा, किल्ली मात्र राहणाऱ्याच्याच हातात द्यावी, आणि गोळ्या संपायच्या आत कुणीतरी चक्कर मारेल एवढं बघावं.