पिंगला उत्तर आलं म्हणजे सर्व्हर ठीक आहे असं नाही

वेबसाइट उघडत नाही म्हणून लोक फोनवर फोन करतायत आणि मॉनिटरिंगच्या स्क्रीनवर मात्र सगळं हिरवंगार, असं खूप ठिकाणी होतं. मग सॉफ्टवेअरच्या नावाने बोटं मोडली जातात. पण सॉफ्टवेअरने जे विचारलं त्याचं उत्तर बरोबरच आलेलं असतं, जे विचारायला हवं होतं तेच सेट करायचं राहिलेलं असतं.

सर्व्हरवर लक्ष ठेवणारं नागिऑस हे सॉफ्टवेअर घ्या. इथन गॅलस्टॅडने १९९९ मध्ये नेटसेंट नावाने हे आणलं, २००२ मध्ये नाव बदललं, पुढे २००९ मध्ये यातूनच आयसिंगा नावाचं वेगळं सॉफ्टवेअर निघालं. यात दोन प्रकारचे चेक असतात. होस्ट चेक म्हणजे मशीन नेटवर्कवर पोहोचतंय का, आणि सर्व्हिस चेक म्हणजे त्या मशीनवरचं एखादं काम चालू आहे का. होस्ट चेक बहुतेक वेळा पिंगच असतो, म्हणजे मशीनला एक छोटा संदेश पाठवून उत्तर येतंय का एवढंच बघणं, आणि गोची तिथेच होते, कारण पिंगला उत्तर देतो तो ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, वेब सर्व्हरचा प्रोग्राम कधीच बंद पडला असला तरी पिंग मस्त चालू राहतो. म्हणून वेबसाठी वेगळा चेक लावा जो खरंच पान मागेल, आणि नुसता २०० कोड, म्हणजे सर्व्हरचं 'सगळं ठीक' हे उत्तर, बघून खूश होऊ नका, पानावर ठरावीक शब्द आहे का तेही तपासायला सांगा, कारण डेटाबेस पडलेला असताना "काहीतरी चुकलं" असं पान २०० कोडनेच देणाऱ्या साइट्स असतात.

प्रत्येक चेकमागे एक छोटा प्रोग्राम असतो, प्लगिन. तो बंद होताना एक आकडा देतो, ० म्हणजे ओके, १ वॉर्निंग, २ क्रिटिकल, ३ अननोन. या ३ कडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात आणि ते मला अजिबात पटत नाही, कारण अननोन म्हणजे बऱ्याचदा चेकच नीट झालेला नाही, परमिशन नसेल किंवा कमांड चुकली असेल, म्हणजे त्या सर्व्हिसवर सध्या कुणाचंच लक्ष नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, एका फेल चेकवर विश्वास ठेवायचा का? एखादं पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा, वाटेत हरवू शकतं, तेवढ्यावरून रात्री ३ वाजता कुणाला उठवणं बरोबर नाही. म्हणून तीन सेटिंग असतात. समजा नेहमीचा चेक दर ५ मिनिटांनी, फेल झाल्यावर पुन्हा १ मिनिटाने आणि एकूण प्रयत्न ३. पहिला फेल झाला की स्थिती 'सॉफ्ट', मेसेज जात नाही. मिनिटाभराने दुसरा, अजून मिनिटाने तिसरा, तोही फेल गेला की स्थिती 'हार्ड' होते आणि तेव्हा अलर्ट जातो. सर्व्हिस एखादा चेक ओके झाल्यावर लगेच पडली तर पुढच्या चेकपर्यंत जवळपास ५ मिनिटं आणि वरची २, म्हणजे साधारण ७ मिनिटं कुणाला काहीच कळणार नाही. पेमेंटच्या सर्व्हरला हे चालेल का, बॅकअपच्या मशीनला चालेल का, हे प्रत्येक सर्व्हिसपुरतं वेगळं ठरवावं लागतं, सगळीकडे एकच टेम्प्लेट चिकटवून भागत नाही.

डिस्कचंही तसंच. १० टक्के उरले की क्रिटिकल असं सगळीकडे लावून टाकतात, पण २० जीबीच्या डिस्कवर ते २ जीबी होतात आणि १० टीबीच्या डिस्कवर तब्बल १ टीबी, जी भरायला कदाचित महिने लागतील. मोठ्या डिस्कला टक्के नको, सरळ जीबीत लिमिट द्या.

आणि पेरेंट नक्की लिहा, म्हणजे कोणतं मशीन कुठल्या स्विचच्या, म्हणजे मशीन्स नेटवर्कला जोडणाऱ्या डब्याच्या, मागे आहे ते. स्विच पडला की नागिऑस स्विचला 'डाउन' आणि मागच्या सगळ्यांना 'अनरीचेबल' म्हणतो, अनरीचेबलचे अलर्ट बंद ठेवले की, समजा मागे ४० मशीन्स असतील तर, ढीगभर मेसेजऐवजी एकच येतो आणि तो नेमका बिघाडाच्या जागेचा असतो.

सगळं लावून झालं की ठरवून, सगळ्यांना सांगून, एक सर्व्हिस स्वतः बंद करा आणि मेसेज खरंच फोनवर येतोय का, किती वेळाने येतोय ते घड्याळ लावून बघा, कारण चेक बरोबर आणि मेल सर्व्हरचा पत्ता चुकीचा असंही असतं.