गरिबाघरची पहाट: व्हिक्टोरियन घरगुती चित्रांची पार्श्वभूमी

दोन वेगवेगळ्या खुर्च्या जोडून त्यांवर आजारी मूल निजवलंय. डॉक्टर हनुवटी हातावर टेकून त्याच्याकडे एकटक बघतोय. मागच्या अंधारात आईने टेबलावर डोकं टाकलंय, बाप तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे. खिडकीतून पहाट आत येऊ लागली आहे. इंग्लिश चित्रकार ल्यूक फिल्ड्सचं ‘द डॉक्टर’ हे चित्र १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात लागलं ते जवळपास आठ फूट रुंदीचं. एवढा कॅनव्हास एरवी लढाया आणि पुराणकथांच्या वाट्याला यायचा.

गरिबाच्या घराला अकादमीत मान मिळाला तो स्कॉटिश चित्रकार डेव्हिड विल्कीमुळे. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांचा वारसा त्याने स्कॉटिश खेड्यात आणला. त्याच्या १८०६ च्या ‘द ब्लाइंड फिडलर’मध्ये आंधळा वादक एका घरात व्हायोलिन वाजवतोय आणि एक पोरगा चुलीचा भाता हातात धरून त्याची नक्कल करतोय. असं बारकाईनं बघायला माणसांवर जीव असावा लागतो.

पुढे गिऱ्हाईक बदललं. कापडाच्या धंद्यातले श्रीमंत लोक दिवाणखान्यात मावतील अशी चित्रं घेऊ लागले. लीड्सच्या अशाच घराण्यातल्या जॉन शीपशँक्सने आपला संग्रह १८५७ मध्ये लंडनमधल्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाला दिला. केंटमधल्या क्रॅनब्रुक गावात थॉमस वेब्स्टर आणि फ्रेडरिक हार्डी यांनी खेळणारी मुलं आणि शेतमजुरांची घरं रंगवली. हार्डीची घरं मला आवडतात, पण तिथे उपासमार दिसत नाही. १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्यानंतर त्यांच्या मानेवर वर्कहाउसची, म्हणजे मदतीच्या बदल्यात राबवून घेणाऱ्या सरकारी आश्रयगृहाची, टांगती तलवार होती. ती या भिंतींआड राहिली. रिचर्ड रेडग्रेव्हने मात्र १८४० च्या दशकातच रात्र जागून शर्ट शिवणारी बाई रंगवली होती. त्या चित्राच्या १८४६ च्या प्रतीत घड्याळात अडीच वाजलेत.

१८६९ मध्ये ‘द ग्राफिक’ साप्ताहिक निघालं. त्याच्या पहिल्याच अंकात रात्रीच्या निवाऱ्यासाठी थंडीत रांगेत उभे राहिलेले बेघर लोक छापले होते. ते काढणारा तरुण फिल्ड्सच होता.

त्याचा थोरला मुलगा फिलिप १८७७ च्या नाताळात गेला. पुढे साखरेचे व्यापारी हेन्री टेट यांनी चित्र मागितलं आणि विषय त्याच्यावरच सोपवला. फिल्ड्सने आपल्या स्टुडिओत अख्खी मजुराची खोली उभारली आणि आजारी मुलाशेजारी बसलेल्या डॉक्टरचा तो प्रसंग रंगवला.